डाळ शिजवणारं पाणी

आमच्या आपाच्या घरी डाळ दोन शिट्ट्यांत शिजायची. तिच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. समोरच्या काकू, त्यांचं स्वतःचं बोअर होईपर्यंत, संध्याकाळी डाळीपुरतं पाणी न्यायला पितळी गुंड घेऊन यायच्या. कुणाकडे लग्न असो, तेरवी असो, कंदुरी असो, आपाच्या अंगणातल्या नळाखाली बादल्यांची रांग लागायची. त्या नळाला पाणी देणारं बोअर मी करून दिलं. जागा मी दाखवली, पाईप मी उतरवले, मोटर माझ्या दुकानातली. बारा वर्षं मी त्या डाळीचं कौतुक ऐकत आलो आणि त्यातली शेवटची दोन वर्षं मान खाली घालून ऐकत होतो.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. घरात आमची बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. इथे मी ती वऱ्हाडीतच लिहितो, कारण गावात तिला कुणाशी बोलायचं असलं की ती तशीच बोलते, आणि ही गोष्ट गावाची आहे. मी स्वतः फार बोलणारा माणूस नाही. दुकानात गिऱ्हाईक बोलतं, मी मोटर खोलतो.

दुकान वणीला आहे, मोटर-पंप दुरुस्तीचं. अब्बांनी सुरू केलेलं. मी भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, नोकरी लागली नाही, येऊन दुकानात बसलो. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की बोअर मारणाऱ्या गाडीतून धूळ उडायला लागली की बाकीचे मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून सावलीत जातात आणि मी मात्र ती धूळ चिमटीत धरून बघत उभा राहतो.

आपाच्या सासरी वाड्याच्या मागे जुनी बांधीव विहीर होती. तिचं पाणी जड. काळ्या मातीत चुन्याचे पांढरे खडे असतात, पावसाचं पाणी त्यांतूनच झिरपत विहिरीत उतरतं, म्हणून त्यात साबणाला फेस येत नसे आणि डाळ शिजता शिजत नसे. आपा सासरी गेल्यावर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिची एकच तक्रार होती. "सासू चांगली हाय, जेठानी चांगली हाय, पाणी बेकार हाय," असं तिने अम्मीला सांगितलं होतं.

आमच्या धंद्यात उन्हाळ्याचं एक ठरलेलं काम असतं. पाणी खाली गेलं की विहिरीतल्या मोटरला एक पाईप जोडून ती खाली सोडायची. पावसाळ्यात पाणी वर आलं की तो पाईप काढायचा. पुढे पुढे असं व्हायला लागलं की पाईप जोडायला बोलावणं यायचं, काढायला यायचं नाही. आपाच्या गावात हे सगळ्यांत आधी झालं, कारण कोळशाची खदान त्यांच्या शिवाराला येऊन भिडत होती. आधी लांबून नुसता मातीचा डोंगर दिसायचा. कोळशावरची माती आणि दगड काढून रचलेला तो डोंगर दरवर्षी गावाकडे थोडा सरकायचा. दुपारी सुरुंग उडाला की आपाच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. कपाशीची बोंडं फुटायची ती पांढरी, आणि वेचेपर्यंत राखाडी व्हायची.

उघडी खदान म्हणजे एका अर्थी विहीरच, फक्त गावातल्या कुठल्याही विहिरीपेक्षा खोल आणि शंभरपट रुंद. आजूबाजूचं पाणी तिच्याकडे उतरतं. ते साचलं तर कोळसा निघत नाही, म्हणून मोठे पंप ते सतत उपसतात आणि नाल्यात सोडतात. जो नाला दिवाळीनंतर कोरडा पडायचा तो आता भर मे महिन्यात वाहतो, आणि त्याच्या काठच्या गावात विहिरीला पाणी नाही. पोट्टे नाल्यात डुंबतात, बाया टँकरमागे धावतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी सायकल टाकून नुसता त्या पाण्याकडे बघत बसलो होतो.

पण माझ्या डोक्यात एक खुटखूट होती. नाल्याच्या पलीकडे एका काकांच्या वावरात विहीर आहे. तीही खदानीपासून तेवढ्याच अंतरावर. ती भरलेली. काका म्हणायचे, "माह्या बापानं शुभ मुहूर्तावर खांदली ना." मला दिसत होतं की नाल्यात सोडलेलं पाणी रेतीतून झिरपून त्या विहिरीत येतं. खदानीनं आपाच्या विहिरीतून ओढलेलं पाणीच पंपातून, नाल्यातून, रेतीतून फिरून काकांच्या विहिरीत जात असणार. आणि दुसऱ्या बाजूला, जिथे खदान नाहीच, राळेगावकडच्या एका गावात, पाऊस लवकर गेला त्या वर्षी विहिरी तशाच आटलेल्या मी बघितल्या होत्या. कुठलं पाणी पावसानं नेलं आणि कुठलं खदानीनं, हे वेगळं काढता येईल का, याचा मी पुष्कळ विचार करायचो. पाईप जोडता जोडता करायला तेवढाच विचार असायचा.

हा विचार फक्त जिज्ञासेचा होता असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं हे, की खदान जसजशी खोल गेली तसतसं माझं दुकान वर आलं. पाणी खाली गेलं की माणसं माझ्याकडे यायची.

विहिरीचा तळ दिसला त्या उन्हाळ्यात आपाने बोअर करायचं ठरवलं. दुल्हाभाई, म्हणजे आपाचे यजमान, तेव्हा होते. शेजाऱ्यांनी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ ठेवून अंगणभर फिरला आणि गोठ्याजवळ नारळ उभा राहिला. मी विहिरीच्या उताराकडे दुसरी जागा सांगितली. दोघांत वाद.

पाणाड्या म्हणाला, "नारळ खोटं बोलत नाही, भाऊ."

मी म्हणालो, "नारळाले काय माहीत खाली कोणता दगड हाय?"

"तुले माहीत हाय काय? तू खाली जाऊन आला काय?"

सगळे हसले. मी पण हसलो. दुल्हाभाई मात्र म्हणाले, "आपला साळा शिकेल हाय. तो म्हणते तिथंच लावा." गाडी माझ्या जागेवर लागली.

आधी काळी धूळ आली, मग पिवळी, मग तांबूस रेतीदगडाची. त्यात थोडं पाणी लागलं आणि गेलं. गाडीवरची पोरं तमिळ बोलणारी. ती हातानेच विचारायची, अजून? दुल्हाभाई माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचो. खूप खाली गेल्यावर आवाज बदलला, धूळ फिकट झाली. चिमटीत घेतली तर तिच्यात बारीक गुलाबी कण चमकत होते. कॉलेजमध्ये पेटीत ठेवलेला जो दगड आम्हाला ओळखायला लावायचे, तोच. मला इतका आनंद झाला की मी दुल्हाभाईंना ती धूळ दाखवायला घेऊन गेलो. "हा दगड बम जुना असते," मी म्हणालो, "खदानीतल्या कोळशाच्या लय लय पहिलेचा."

"त्यात पाणी असते का?"

तेवढ्यात पाणी लागलं. हाताला कोमट, डोळ्याला काचेसारखं. संध्याकाळी आपाने पहिली डाळ लावली आणि दुसऱ्या शिट्टीनंतर झाकण उघडून ओरडलीच. "अरे भाई, डाळ तं घोटाचीबी गरज नाही राह्यली!" साबणाला फेस आला. चहाचा रंग खुलला. त्याच वर्षी तिला पहिली नात झाली, आणि सगळं घर म्हणायचं की पोरगी पाणी घेऊन आली.

त्या डाळीमुळे माझं नाव झालं. पाणी चांगलं का वाईट हे आमच्याकडे डाळीवरून ठरतं. दुसरी परीक्षा कुणी लावत नाही, मीही लावली नाही. गावात आणि आसपास कितीतरी जणांनी मला बोलावलं आणि मी तसंच केलं. वरचं पाणी गेलं का, खाली जा. अजून खाली जा. गुलाबी कण दिसले की मला खात्री वाटायची की आता पाणी लागणार, आणि लागायचंही.

नात सातेक वर्षांची झाली. दुधाचे दात पडले, नवे आले, त्यांवर पिवळे पट्टे होते. वर्षाभरात ते तपकिरी झाले. आधी सुनेला बोल लागला की दात घासून घेत नाही. मग चॉकलेटला. मग खदानीच्या धुळीला. धुळीवर सगळ्यांचं एकमत झालं, कारण तोवर शेजारच्या दोन-तीन घरांतल्या पोरांचे दातही तसेच दिसायला लागले होते, आणि धूळ तर कपाशीवर, भांड्यांवर, दुधावर, सगळीकडे दिसतच होती. आपाचे गुडघे आणि पाठ धरायला लागली, तेही धुळीच्याच खात्यावर गेलं. मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू, पटवून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी मी झरीकडच्या एका गावात शाळेची मोटर बसवायला गेलो होतो. जवळपास खदान नाही, डोंगर नाही, धूळ नाही. सुट्टीत पोरं माझ्याभोवती गोळा झाली आणि एक जण हसला. मग दुसरा. सगळ्यांच्या दातांवर तेच पट्टे. मी गुरुजींना विचारलं.

"पाणी," गुरुजी म्हणाले. "बोअरचं. त्यात फ्लोराइड हाय. दगडातूनच येते ते. आता बोअरवर लाल रंग मारला, पण प्यायचे पितेतच."

"खदान तं नाही इकडे."

"खदानीचा काय संबंध?"

मी मोटर बसवली. परत येताना गाडी कुठल्या रस्त्याने आणली ते मला आठवत नाही.

कॉलेजातला माझा एक मित्र रसायनशास्त्र शिकवतो. त्याच्याकडे पाणी तपासायची छोटी पेटी असते. त्याने दाखवलं: काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी राहिलं तर ठीक. पिवळट पडलं तर फ्लोराइड जास्त. मी त्याला कारण सांगितलं नाही. पेटी घेऊन आलो आणि पुढचा महिनाभर जिथे मोटर दुरुस्त करायला गेलो तिथे एक बाटली भरून आणली. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत नळ्यांची रांग लागली. आपाच्या जुन्या विहिरीच्या तळाचं उरलंसुरलं पाणी गुलाबी राहिलं. नाल्यापलीकडच्या काकांचं गुलाबी. आपाचं बोअर पिवळं. समोरच्या घरचं पिवळं. मी जिथे जिथे खूप खाली गेलो होतो ते पिवळं.

मग मी माझी जुनी पुस्तकं काढली. तो गुलाबी कणांचा दगड फ्लोराइड धरून असतो. पाणी त्याच्याजवळ खूप काळ पडून राहिलं की थोडं थोडं पाण्यात उतरतं. पण पाण्यात चुना असला तर चुना त्याला धरून ठेवतो, पाण्यात फार राहू देत नाही. म्हणजे जे पाणी जड, ज्यात डाळ शिजत नाही, ते बऱ्याचदा त्या बाबतीत बरं असतं. आणि ज्यात चुना नाही, साबणाला फेस येतो, डाळ विरघळते, तिथे फ्लोराइडला अडवणारं कुणी नसतं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्क मिळाले होते.

म्हणजे दोषी कोण? हा प्रश्न मला त्या दिवसांत सोडेना, आणि खरं सांगतो, त्यात मला एक प्रकारची गोडीही लागली होती. दगडात फ्लोराइड कुणी घातलं नाही. ते पृथ्वीचं आहे, माणूस नव्हता तेव्हापासूनचं. पाऊस कमी झाला तोही कुणी एकाने केला नाही. वरचं पाणी खदानीने नेलं, पण खदानीने कुणाला बोअर करायला लावलं नाही. बोअर मी केलं. मी नकाशा काढला, त्यात बाण काढले, कुठून कुठे. बाण काढत बसलं की आपाच्या घरी जावं लागत नाही.

त्याच सुमारास गावात सभा झाली. खदानीच्या साहेबांना बोलावलं होतं. मागणी अशी की धुळीने पाणी खराब झालं, पोरांचे दात गेले, तेव्हा खदानीने गावाला नदीचं स्वच्छ पाणी पाईपने द्यावं. माझा भाचा, आपाचा मुलगा, त्यात सगळ्यांत पुढे. तो खदानीतच कंत्राटदाराकडे डंपर चालवतो, तरी पुढे. कुणीतरी मला म्हणालं, "मामू, तुमी शिकेल हा, तुमी सांगा." मी ग्रामपंचायतीच्या मोटरचा स्टार्टर उघडून बसलो होतो. म्हणालो, "मी मिस्त्री माणूस, मले काय समजते," आणि स्क्रू फिरवत राहिलो.

गप्प का राहिलो याची कारणं माझ्याकडे तयार होती. फ्लोराइड दगडातलं आहे असं मी म्हटलं असतं तर खदानवाल्यांनी तेवढंच उचललं असतं आणि गावाला पाणी मिळालं नसतं. आपाला त्या नळाचा केवढा अभिमान. ही कारणं खोटी नव्हती. पण ती दुसरी आणि तिसरी होती. पहिलं हे, की मी बोललो असतो तर तालुक्यातल्या ज्या ज्या घरी मी बोअर केलं त्या प्रत्येक घरात माझं नाव निघालं असतं. मला दुकानाची भीती वाटली. एवढंच होतं ते.

आपाच्या धाकट्या नातीला तेव्हा चार वर्षं पूर्ण झाली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात मी आपाकडे गेलो, मोटर आवाज करते म्हणून. धाकटी धावत आली. तिचा बाप मला मामू म्हणतो म्हणून तीही मामूच म्हणते. तोंड उघडून तिने समोरचा दात जिभेने ढकलून दाखवला. "पाह्या मामू, हालते!"

"अरे वा. पडला की कौलावर फेकजो."

"अन् नवा येईन?"

"येईन ना."

तिने थोडा विचार केला. मोठी बहीण पलीकडे कपडे वाळत घालत होती. तिच्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "दीदीसारखा येईन का साधा येईन?"

मोठीने ऐकलं. ओली ओढणी झटकत म्हणाली, "माह्यासारखा आला तं बरं. मंग तुलेबी शाळेत खर्रा म्हणतीन." आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या माणसांचे दात लाल-तपकिरी होतात. बारा वर्षांच्या पोरीला वर्गात हे नाव पडलेलं होतं आणि मला ते माहीत नव्हतं.

मोटर खोललीच नाही. स्वयंपाकघरात गेलो. आपा पाटावर बसून लसूण सोलत होती. मी दारातच बसलो आणि सांगितलं. बोअरचं पाणी, गुलाबी कण, नळीतला पिवळा रंग, दात, तिचे गुडघे. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

आपा हसली. "डाळ शिजते ना रे त्यात."

"म्हणूनच तं शिजते, आपा."

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिने एक-एक करत विचारलं. उकळून प्यायलं तर? उकळलं तर अजून दाट होते, मी म्हणालो. तुरटी फिरवली तर? नुसत्या तुरटीनं नाही जात. तुले कवा समजलं?

"दोन वर्षं झाले."

लसणाची पाकळी तिच्या हातातच राहिली. "मागच्या ईदीले तू या घरी जेवला. डाळ घेतली दोनदा."

"हो."

"अन् ही पोट्टी तुह्या मांडीवर बसून पाणी पेत होती."

आपाने ती पाकळी ताटात टाकली. ती उठली, गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठली, आणि भाच्याला हाक मारली. "ये इकडे. तुह्या मामूची गोठ ऐक."

भाच्याने उभ्यानेच ऐकलं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने विचारलं, "लहानीचं अजून काही होऊ शकते का?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला वणीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. नवे दात हिरडीच्या आतच घडत असतात. समोरचे बहुतेक घडून झाले, ते कसे निघतील ते निघाल्यावरच कळेल. मागचे अजून घडतायत, पाणी आज बदललं तर ते वाचतील. भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं पहिले बदलवलं असतं तं समोरचेबी?" डॉक्टर म्हणाले, थोडाफार फरक पडला असता.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आता मिटिंगमधी सांगाचं. माह्या नाही, तुमच्या तोंडानं."

"खदानवाले म्हणतीन, दगडातलं हाय, आमचा काय दोष."

"म्हणू द्या. वरचं पाणी कोणं नेलं थे मी सांगतो. खालचं कोणं काढलं थे तुमी सांगा."

सभेत मी सांगितलं. अपेक्षा होती तसंच झालं. साहेब म्हणाले, "म्हणजे हे नैसर्गिक आहे, हे तुमचेच तज्ज्ञ म्हणतायत." मला तज्ज्ञ कुणी पहिल्यांदाच म्हटलं. भाचा उठला. "साहेब, वरच्या विहिरी भरून असत्या तं खाली मराले कोण गेलं असतं? नैसर्गिक पाणी तं वर होतं." समोरच्या काकू मात्र साहेबांकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "अन् आमचं बोअर?" त्यांनी विचारलं. "तुमचंबी, काकू," मी म्हणालो. त्या उठून निघून गेल्या. साहेबांनी पाहू म्हटलं, आणि अजून पाहतायत.

मला जे वाटलं होतं ते सगळं झालं असं नाही. दुकान बंद पडलं नाही. काही जण येईनासे झाले. काही जण बाटल्या घेऊन येतात, आणि मी नळीत थेंब टाकतो. पिवळं पडलं की ते माझ्या तोंडाकडे बघतात, तेव्हा कुठे बघावं हे मला अजून जमलेलं नाही.

प्यायचं पाणी आता नाल्यापलीकडच्या काकांच्या विहिरीचं. प्रयोगशाळेतून नीट तपासून आणलं: जड आहे, पण फ्लोराइड नाही, बाकीचंही सध्या ठीक. सध्या म्हणतो, कारण ते पाणी खदानीच्या पंपावर उभं आहे. खदान उद्या बंद झाली, पंप थांबले, तर नाला आटेल आणि कदाचित तीही विहीर. किंवा उलटं, खदानीत पाणी भरत जाईल आणि आपाची जुनी विहीर पुन्हा जिवंत होईल. यातलं काय होईल ते मला सांगता येत नाही. दर मोसमात बाटली भरून बघायचं, एवढंच ठरवलं आहे.

आरओचं यंत्र बसवून देतो म्हणालो होतो. आपा म्हणाली, ते मागून. पहिले हा नळ बंद कर. कारण धाकटीला काकांच्या विहिरीचं पाणी आवडत नव्हतं. "खारट लागते" म्हणून ती थुंकायची आणि कुणाचं लक्ष नसलं की अंगणातल्या नळाला तोंड लावायची. गोडं लागतं ते.

म्हणून मागच्या रविवारी मी हेक्सॉ आणि पीव्हीसीचं सामान घेऊन गेलो. बोअरची लाईन फक्त संडास-मोरीपुरती ठेवायची. स्वयंपाकघराकडे आणि अंगणाकडे जाणारे दोन फाटे कापून बंद करायचे. आपा ओसरीवरून बघत होती. मोठी नात पाईप धरायला आली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

पहिला फाटा झाला. दुसरा कापला, टोक घासलं, सोल्युशन लावलं आणि वर टोपी दाबून धरली. ते सोल्युशन पकडेपर्यंत टोपी हाताने दाबून धरावी लागते. सोडली तर पाण्याच्या दाबाने कधी ना कधी निघते. मी उकिडवा बसून दोन्ही हातांनी धरून होतो, ती माझ्यासमोर पाईपचा दुसरा भाग धरून.

"मामू," ती म्हणाली, "माह्या वेळेस तुमाले माहीत होतं?"

"नाही. पण माहीत करून घेता आलं असतं. मी तोच दगड शिकेल होतो."

"मंग काहून नाही केलं?"

"सगळे चांगलं म्हणत होते. मलेबी चांगलं वाटत होतं."

तिने ते ऐकलं. हाताची पकड बदलली. अंगणात धाकटी बंद झालेल्या नळाची तोटी उघडझाप करत होती, हवेचा फुसफुस आवाज येत होता.

"अन् हिच्या वेळेस?"

"हिच्या वेळेस माहीत होतं."

तिच्यासमोरून उठून जावं असं मला वाटत होतं आणि हातातली टोपी सोडता येत नव्हती. मग तिने बोटाने जोडावरचं बाहेर आलेलं सोल्युशन चाचपून बघितलं, बोट फ्रॉकला पुसलं.

"सुकलं," ती म्हणाली. "सोडा आता."